खाकी कागदातली शेळी

आमच्या वन्सं बसमध्ये कंडक्टर होत्या. उभं आयुष्य चालत्या गाडीत काढलं, तेव्हा निवृत्त झाल्यावर जरा स्वस्थ बसतील असं मला वाटलं होतं. कसलं काय! ज्या बाईनं दारुड्यांना दंडाला धरून खाली उतरवलं, ती घरात बसून माझ्या स्वयंपाकात मीठ कमी की जास्त ते सांगत राहणार होती थोडीच? म्हणजे तेही सांगायच्याच. पण तेवढ्यावर त्यांचं भागेना.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. स्वतः लग्न केलं नाही. भावाला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि मग आमच्याकडे राहिल्या. खरं बोलायचं तर आम्हीच त्यांच्याकडे राहिलो, कारण तिसऱ्या मजल्यावरची ही दोन खोल्यांची जागा त्यांची. माझं आणि त्यांचं रोज वाजतं. मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिलाई मारते, दिवसभर दुसऱ्यांच्या पँटी लांब-आखूड करते आणि घरी येते तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं असतं. त्यात वन्संनी दार उघडता उघडता म्हणायचं, "पुढं सरका, दारात गर्दी करू नका." विनोद म्हणून. रोज तोच विनोद.

तर त्यांनी काय केलं, जिन्यातलं कपाट धरलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जिना वळतो तिथं एक लाकडी कपाट होतं. जागा सोडून गेलेल्या कुणीतरी टाकलेलं, दारं कधीच निखळलेली. त्यात फाटक्या छत्र्या, एकेकटे बूट आणि धूळ. वन्संनी एका सकाळी सगळं उपसलं, कपाट पुसलं आणि त्यात पुस्तकं मांडली. ही पुस्तकं गाडीत विसरलेली. माणसं बसमध्ये काय काय विसरतात, आणि लहान मुलांची पुस्तकं घ्यायला सहसा कुणी परत येत नाही. ती डेपोत वर्षानुवर्षं पडून होती. निरोपाच्या दिवशी इतरांना घड्याळ मिळतं, वन्संना सोबत्यांनी पोतंभर पुस्तकं दिली आणि त्यांचा तिकीट पंच करायचा जुना चिमटा.

त्या कपाटाचे नियम त्यांचेच. नाव लिहायचं नाही, सही नाही, दंड नाही. "मी काय ऑफिस उघडलंय?" असं म्हणायच्या. पोरानं हवं ते पुस्तक उचलायचं, जमेल तेवढं वाचायचं आणि थकलं की उतरायचं. उतरायचं म्हणजे थांबायचं. मग वन्संनी विचारायचं, कुठं उतरलास? पोरानं सांगायचं, राजवाड्याच्या दारात उतरलो, किंवा वाघ पाणी प्यायला आला तिथं. की लगेच वन्सं जुन्या गड्डीतलं एक तिकीट काढणार, चिमट्यानं टिक करून भोक पाडणार आणि त्या पानात ठेवणार. उद्या गाडी तिथूनच सुटणार. पोरांना पुस्तकापेक्षा त्या टिकचं वेड जास्त होतं, पण काही म्हणा, टिकसाठी का होईना वाचत होती.

आणखी एक नियम मोठ्यांसाठी. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. वन्संचं म्हणणं, सामान घेऊन चढणाऱ्या माणसाला त्या वळणावर दम खायचाच असतो, तर तो पोराच्या शेजारी बसून खा. एक पान ऐका आणि मग चढा. सुरुवातीला लोक चुकवून पळायचे. पण वन्सं आडव्या बसायच्या, तिकीट काढल्याशिवाय सोडतील तर शपथ. हळूहळू सवय झाली. वरच्या मजल्यावरची नर्स ड्युटीवरून आली की पायरीवर बसून चपला काढायची आणि डोळे मिटून ऐकायची. तळमजल्याचा प्लंबर स्वतः अडखळत वाचायचा, तो पोरांबरोबर एकेका शब्दावर बोट ठेवायचा. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर चुका काढायचे, मग वन्सं त्यांना गप्प करायच्या. माझंही पान चुकायचं नाही. पाय दुखत असायचे, चूल वाट बघत असायची, मी चडफडत बसायचे. पण बसायचे.

आता माझ्या पोरीबद्दल. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी टिकत नाही. तिला अक्षरं यायची, पण अक्षरं एकत्र आली की तिच्या डोळ्यांपुढून निसटायची. शाळेच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, सुट्टीनंतर मी हिचं वाचन घेणार, नाही जमलं तर ही पुन्हा याच वर्गात बसेल. मी ओरडले, गोंजारलं, आमिषं दाखवली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. कपाटातली पुस्तकं ती नुसती खालीवर करायची, टिक मागायची आणि पळायची.

मग एक दिवस तिनं आपण होऊन एक पुस्तक काढलं. पिवळ्या रंगाचं, वर छपरावर उभी राहिलेली एक शेळी. शेळीचा चेहरा इतका नाराज होता की भिंगरी हसतच सुटली. "आत्या, ही आईसारखी दिसते," म्हणाली. मला राग यायला हवा होता, पण पोरगी पुस्तक घेऊन बसली होती, मी कशाला बोलू? ती शेळी शिडीवरून छपरावर चढते आणि शिडी पडते. पुढं काय, हे कळायला वाचायलाच लागणार. वन्सं सांगेनात. रोज थोडं थोडं, एकेक ओळ ओढत भिंगरी पुढं सरकू लागली. तिचं तिकीट हिरवं. त्यावर आठवड्याभरात इतकी भोकं पडली की चाळणी झाली.

याच सुमाराला लोकांना दानाची हुक्की आली. कपाटाचं नाव झालं होतं ना! मग जो तो आपल्या घरची अडगळ आणून ठेवू लागला. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, कराची गाईडं, औषध कंपनीच्या वापरलेल्या डायऱ्या. एकानं तर कपडे धुवायच्या मशीनचं माहितीपुस्तक दिलं, वर म्हणाला, पोरांना ज्ञान मिळेल. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत. वन्सं हसून घ्यायच्या आणि गुपचूप रद्दीत घालायच्या. पण एके पहाटे कुणीतरी डिरेक्टऱ्यांचा ढीग पायरीवरच ठेवून गेलं. वन्सं दूध आणायला निघाल्या, पाय ढिगावर पडला आणि त्या थेट खालच्या वळणावर. पायाचं हाड मोडलं.

प्लास्टर घातलं. जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांची एक जुनी मैत्रीण, तीही कंडक्टरच, गावाच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर राहते, तिच्याकडे त्यांना ठेवलं. भिंगरी रोज संध्याकाळी फोनवर सांगायची, आत्या, शेळी अजून वरच आहे, आता तिला भूक लागलीय. फोनवरून वन्सं तोंडानं टिक म्हणायच्या. माझा जीव टांगणीला होता, सुट्टी संपत आली होती. पण पोरगी सरकत होती, एवढं खरं. या वेगानं जमेल, असं मी मनात हिशेब मांडून ठरवूनही टाकलं होतं.

आणि मग आमच्या इमारतीला प्रेमाचं भरतं आलं.

कल्पना सोसायटीच्या सेक्रेटरींची. कंडक्टरबाई परत येतील तेव्हा त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा. काय, तर सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची. एका रविवारी सगळी जमली, गुंडाळीच्या गुंडाळ्या खाकी कागद, डिंक, कात्र्या. शाळा सुरू व्हायच्या आधी आमच्या दुकानात गणवेशांचा पूर येतो, त्यामुळं मी रविवारीही मशीनवर होते. नाहीतर तिथंच तोंड उघडलं असतं. संध्याकाळी येऊन बघते तर कपाट वरपासून खालपर्यंत खाकी. एकसारखं, पोलिसांच्या रांगेसारखं. प्रत्येकाच्या पाठीवर नंबर आणि मास्तरांच्या बारीक, देखण्या अक्षरात पुस्तकाचं नाव. सेक्रेटरी म्हणाले, "आणि आतून कचरा किती निघाला म्हणून सांगू! प्रत्येक पुस्तकात जुनी तिकिटं. बादलीभर टाकली."

मला क्षणभर कळलंच नाही की काय चुकलंय. कळलं ते दुसऱ्या दिवशी. प्लंबरची धाकटी कपाटापुढं आली, उभी राहिली, वर बघितलं, खाली बघितलं आणि निघून गेली. मग दुसरं पोर आलं, तेही गेलं. भिंगरीनं एक पुस्तक ओढलं, आत नुसता मजकूर. दुसरं ओढलं, त्यात साप. तिसऱ्याला हात घातला तेवढ्यात सेक्रेटरींची बायको वरून उतरली आणि लाडानंच म्हणाली, बाळ, काढलंस तिथंच ठेव हं, नंबर बिघडतात.

त्या संध्याकाळी मीच शोधायला बसले. सगळी नावं वाचून काढली, शेळीचं नाव कुठंच नाही. पुस्तकाचं नाव काय, असं भिंगरीला विचारलं तर म्हणाली, "शेळीचं." मग मी एकेक उघडायला लागले, तर पुन्हा सेक्रेटरींची बायको. माझं डोकं फिरलं. मी बोलले, ती बोलली, जिन्यात चार दारं उघडली. आणि या सगळ्यात भिंगरी माझा पदर ओढत होती.

"राहू दे आई. नको मला ती शेळी," ती म्हणाली. "मेली असेल एव्हाना."

त्यानंतर तिनं कपाटाकडे बघितलं नाही, आत्याच्या फोनवरही यायची नाही. मी समोर दुसरी पुस्तकं धरली, पोरगी खिडकीबाहेर बघायची. मी सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "बघा ना, आता किती नीट राहतंय. आधी नुसता पसारा असायचा." अहो, कुणी हात लावत नाही म्हणून नीट राहतंय! तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ताईचा पाय मोडलाय, तिला आत्ता काही कळवू नकोस, लोकांनी प्रेमानं केलंय. प्रेमानं! कुणी दावा साधून केलं असतं तर मी दोन हात तरी केले असते. चांगल्या माणसांनी चांगल्या मनानं केलेल्या गोष्टीचं काय करायचं, सांगा मला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पंधरवडा असाच गेला.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी वन्सं आल्या. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर आणलं. वळणावर सगळी इमारत जमलेली, कपाटावर चादर टांगलेली. सेक्रेटरींनी चादर ओढली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वन्सं बघत राहिल्या. मला वाटलं, आता पेटतील. ज्या बाईनं भर गाडीत साहेबांना सुनावलं होतं, ती आता या सगळ्यांना सरळ करील. पण त्यांचे डोळे भरून आले आणि त्या म्हणाल्या, किती कष्ट घेतलेत हो तुम्ही. मी कपाळावर हात मारला.

मग त्यांनी भिंगरीला जवळ बोलावलं. "काय गं, शेळी कुठवर आली? कुठं उतरलीस?"

"मेली ती," भिंगरी म्हणाली.

वन्संनी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा त्यांना वाचता येतो. त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, ते शेळीचं पुस्तक काढून द्या बरं."

मास्तर उत्साहानं पुढं झाले. नाव काय? वन्संना माहीत नव्हतं, त्या सुद्धा शेळीचंच म्हणायच्या. नंबर? तो तर आत्ताच पडलेला. मास्तरांनी सेक्रेटरींकडे बघितलं, सेक्रेटरींनी बायकोकडे, तिनं नर्सकडे. या सगळ्यांच्या हातांतून ते पुस्तक गेलं होतं. कुणीतरी त्याच्या कडा दुमडल्या होत्या, कुणीतरी शेळीच्या तोंडावर डिंक लावला होता. आणि एकालाही आठवेना. मास्तर चष्मा कपाळावर नेऊन पाठीवरची नावं वाचत राहिले, स्वतःच लिहिलेली.

तेव्हा माझा बांध फुटला. मी म्हणाले, "मास्तर, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे. पण ते ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी. ही पोरं इथं वाचता येत नाही म्हणून येतात. त्यांना शेळी बघून पुस्तक कळायचं, तिकीट बघून पान कळायचं. तुम्ही शेळी झाकलीत आणि तिकिटं बादलीत टाकलीत. उद्या माझ्या पोरीचं वाचन आहे. आता कुणी सांगा, शेळी कुठाय?"

नवरा माझ्या कोपराला हात लावत होता, मी तो झटकला. मला वाटलं, मास्तर चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी एक पुस्तक काढलं, नखानं डिंक सोडवला आणि स्वतः घातलेलं कव्हर स्वतः काढलं. खाली निळ्या रंगाची होडी निघाली. मागून प्लंबरची धाकटी किंचाळली, "माझं आहे ते!" आणि मग काय विचारता. पोरं तुटून पडली. वन्संनी कुणाला अडवलं नाही. जिनाभर खाकी कागद, आणि प्रत्येक कागदाखालून कुणाचं तरी काहीतरी निघत होतं. भिंगरी मात्र माझ्या मागंच उभी. पिवळा कोपरा दिसला तेव्हा तिनं आधी मान वाकडी करून नुसतं बघितलं.

"आहे की," ती म्हणाली. "अजून वरच आहे."

तिकीट नव्हतं. तिनं पानं उलटली, पुढं गेली, मागं आली, पडलेली शिडी सापडली, तिथून दोन पानं पुढं. ती वन्संच्या खुर्चीच्या पायाशी बसली आणि वाचू लागली. पंधरा दिवसांचा गंज चढलेला, आधी जे सरकत होतं ते पुन्हा ओढावं लागत होतं. एका जोडाक्षरावर ती इतकी थांबली की सेक्रेटरींनी सांगायला तोंड उघडलं. वन्संनी नुसतं बोट वर केलं, आणि सेक्रेटरी पायरीवर बसले. मग सगळेच बसले. शब्द निघाला. मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी शाळा होती. बाईंच्या उताऱ्यात शेळी नव्हती. भिंगरीनं अर्धा उतारा वाचला. चुकली नाही, पळाली नाही, पण अर्ध्यावरच बाई म्हणाल्या, वेळ संपली. बाईंनी मला समजावून सांगितलं की सुधारणा आहे, पण नियम तो नियम. पोरगी त्याच वर्गात बसली. तिच्या मैत्रिणी वरच्या वर्गात गेल्या आणि ती दाराशी उभी राहून त्यांना बघत होती, हे मी फाटकातून पाहिलं. तो पंधरवडा मिळाला असता तर ती उतारा संपवती, हे मला माहीत आहे. मला कुणी समजावू नये.

मास्तरांना कळलं तेव्हा ते वर आले. शाळेत ओळख आहे, मी बोलून बघतो, असं म्हणाले. वन्सं नको म्हणाल्या, विनातिकीट कुणाला पुढं न्यायचं नाही. मी हो म्हणणार होते, पण वन्संनी मला बोलूच दिलं नाही, आणि त्यावरून आमचं दोन दिवस वाजलं. मास्तर आता रोज संध्याकाळी वळणावर येऊन बसतात. चुका काढत नाहीत. भिंगरीपुढं दोन्ही हातांत दोन पुस्तकं धरतात, चित्र तिच्याकडे करून, आणि ती कुठलं निवडते याची वाट बघतात. नवी तिकिटं वन्संच्या मैत्रिणीनं पाठवलीत. कव्हरांचा उरलेला कागद मी दुकानात नेला, कापायचे नमुने काढायला होतो.

माझा राग गेलेला नाही. काल मी जेवायला वाढलं आणि दारातून हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चांगलीच ओरडून. भिंगरी पायरीवर पुस्तकात डोकं घालून बसली होती, शेजारी नर्स चपला काढून डोळे मिटून. वन्सं वरच्या पायरीवर, प्लास्टरचा पाय पसरून, हातात चिमटा.

"थांब गं आई," पोरगी मान वर न करता म्हणाली. "माझा स्टॉप नाही आला अजून."

जेवण गार होत होतं. मी ताटावर झाकण टाकलं आणि खाली जाऊन बसले.